हर्ब्ज घालून भाजलेले खरपूस बटाटे: थंडीत हमखास येणारे प्रश्न

थंडी पडली की माळ्यावरचा ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) खाली येतो आणि पाठोपाठ प्रश्नही येतात. आलेले प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एकच शंका अनेकांनी विचारली असेल तर उत्तर एकदाच दिलंय आणि बाकी ठिकाणी त्या प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. पहिल्यांदाच करतेय. चार जणांचं माप आणि कृती एका दमात सांगा ना.

एक किलो बटाटे, दोन लिटर पाणी, त्या पाण्यात घालायला एक टेबलस्पून मीठ आणि अर्धा टीस्पून खायचा सोडा, चार टेबलस्पून तेल, रोझमेरीच्या (सुईसारख्या पानांचा सुगंधी पाला) दोन काड्या, लसणीच्या सात-आठ पाकळ्या, ताजी भरडलेली मिरी आणि वरून चवीपुरतं मीठ.

बटाटे सोलून साधारण ४ सेंटीमीटरच्या मोठ्या फोडी करा. पाणी उकळलं की मीठ, सोडा आणि फोडी घाला. पुन्हा उकळी फुटल्यावर ८ ते १० मिनिटं ठेवा. सुरी सहज आत जायला हवी, पण फोड अखंड राहायला हवी. चाळणीत उपसून पाच मिनिटं वाफ निघून जाऊ द्या. तोवर कढल्यात तेल मंद तापवून त्यात ठेचलेली लसूण आणि रोझमेरीची पानं घाला. लसूण सोनेरी झाली की लगेच गाळा. गाळलेला चुरा बाजूला ठेवा, फेकू नका.

आता फोडी कोरड्या पातेल्यात घ्या, वर ते तेल, मीठ, मिरपूड घाला, झाकण लावा आणि पातेलं दोन्ही हातांनी धरून चांगलं हिसडा. कडा घासल्या जाऊन फोडींवर ओल्या पिठासारखा थर दिसला पाहिजे. ट्रेमध्ये एकेक फोड सुटी मांडा. ओव्हन २१० अंशांवर आधीच तापलेला हवा. २० मिनिटं हात लावायचा नाही. मग उलथून आणखी २० ते २५ मिनिटं. बाहेर काढल्यावर बाजूला ठेवलेला लसूण-रोझमेरीचा चुरा वर टाकून हलवा आणि गरमगरम वाढा. सगळं एका खेपेत मावलं तर सव्वा तास लागतो, पण त्यातला बराचसा वेळ तुम्ही नुसत्या बसून असता.

२. बटाटा कोणता घ्यायचा? भाजीवाल्याला जात विचारली तर तो हसतो.

हसणारच. त्याच्या लेखी बटाटे दोन प्रकारचे, नवा आणि जुना. पण भाजण्यासाठी जात खरोखर महत्त्वाची आहे, कारण पिठूळ बटाट्याची कड खरबरीत होते आणि चिकट बटाट्याची गुळगुळीतच राहते. आपल्याकडच्या बहुतेक जातींच्या नावात ‘कुफरी’ असतं. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने त्या विकसित केल्या आणि कुफरी हे सिमल्याजवळचं ठिकाण. बाजारात वर्षानुवर्षं टिकून असलेली कुफरी ज्योती १९६८ची. ती सगळ्या कामाला चालते आणि भाजायलाही बरी. वेफर्ससाठी मुद्दाम काढलेल्या कुफरी चिपसोना जातींपैकी पहिल्या दोन १९९८च्या. त्यांत पाणी कमी, पिठूळपणा जास्त आणि साखर कमी. म्हणजे आपल्याला हवं तेच. पुणे जिल्ह्यात मंचरच्या बाजूला, सातगाव पठारावर खरिपात बटाटा होतो आणि तिथला बराच माल वेफर्सवाल्यांकडे जातो. त्या भागातून जाणं झालं तर रस्त्यालगत विचारून बघायला हरकत नाही. कुफरी पुखराज लवकर येतो आणि दिसतोही छान पिवळा, पण पाणी जास्त. तो रश्शात घाला.

जात कळत नसेल तर घरच्या घरी तपासता येतं. एक वाटी मीठ अकरा वाट्या पाण्यात विरघळवा आणि धुतलेला बटाटा त्यात सोडा. पिठूळ असेल तो बुडतो, चिकट असेल तो तरंगतो. मीठ वाया जातं म्हणून रोज कोणी करणार नाही, पण दहा किलोंचं पोतं घेण्याआधी एक बटाटा आणून बघण्यासारखा आहे.

३. जानेवारी-फेब्रुवारीत सगळीकडे नवे, पातळ सालीचे बटाटे असतात. ते नाही का चालत?

चालतात, फक्त अपेक्षा बदला. नव्या बटाट्यात पाणी जास्त आणि स्टार्च कमी, त्यामुळे प्रश्न १मधला खरबरीत पापुद्रा त्यांना येत नाही. छोटे छोटे निवडा, सोलू नका, मिठाच्या पाण्यात पूर्ण शिजवा, ट्रेमध्ये ठेवून वाटीच्या बुडाने हलके दाबून चपटे करा, वर तेल सोडा आणि २२० अंशांवर अर्धा तास भाजा. फुटलेल्या कडा कुरकुरतात आणि आत लोण्यासारखं मऊ राहतं. थंडीच्या ऐन दिवसांत मी हेच जास्त करते, कारण सोलायचा कंटाळा.

४. साल काढायची की ठेवायची?

मोठ्या, जुन्या बटाट्याची काढा. साल राहिली की त्या बाजूला पापुद्रा धरत नाही. नव्याची ठेवा (प्रश्न ३). सालं टाकू नका. धुऊन, पुसून, तेल-मीठ चोळून त्याच ट्रेच्या कोपऱ्यात १० मिनिटं ठेवा. जेवण वाढेपर्यंत ती शिल्लक राहत नाहीत.

५. आधी उकडायचेच का? कच्चेच भाजले तर वेळ वाचेल की.

वाचत नाही. कच्ची फोड आतून शिजायला ओव्हनमध्ये इतका वेळ घेते की तोवर बाहेरची बाजू चामट होते. मुख्य कारण मात्र वेगळं आहे. फोडीच्या पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान १००च्या वर जात नाही, आणि तो खरपूस तांबूस रंग साधारण १४०च्या पुढे धरू लागतो. म्हणजे भाजण्याचं काम सगळं पाणी घालवण्याचं. आधी उकडल्याने कडेचा स्टार्च फुलतो. मग वाफ निघून गेली की तोच थर कोरडा पडतो आणि तेल धरतो. हर्ब्ज, लसूण, मिरी हे सगळं नंतरचं. बटाटा ओलसर असेल तर जगातली कुठलीही रोझमेरी त्याला वाचवत नाही.

६. पाण्यात सोडा कशाला? मला तर सोड्याची भीती वाटते, चव येईल.

दोन लिटर पाण्यात अर्धा टीस्पून घातला तर चव येत नाही. एक चमचा भरून घातलात तर येईल, साबणासारखी. बटाट्याच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा पेक्टिन नावाचा पदार्थ असतो, तो सोड्याच्या पाण्यात लवकर सुटतो. त्यामुळे आतून फोड अखंड राहते आणि बाहेरचा पातळ थर मात्र भुसभुशीत होतो. आंबट पाण्यात उलटं होतं. व्हिनेगर किंवा लिंबू घातलंत तर बटाटा मोडत नाही. सॅलडसाठी ते उत्तम, इथे नको. म्हणून लिंबू पिळायचं असेल तर ताटात.

सोडा नकोच असेल तर तो वगळून दोन-तीन मिनिटं जास्त उकडा आणि हिसडताना जरा जोर लावा.

७. सगळं सांगितल्याप्रमाणे केलं तरी गिळगिळीतच होतात. कुठे चुकतं?

सर्वांत जास्त आलेला प्रश्न हाच. बहुतेक वेळा कारण या चारांतलं एक असतं.

ट्रेमध्ये दाटी. फोडी एकमेकींना टेकल्या की मधली वाफ अडकते आणि बटाटे भाजायच्या ऐवजी वाफेवर शिजतात. घरगुती ओटीजीच्या ट्रेमध्ये सुटसुटीत मांडले तर अर्धा ते पाऊण किलोच मावतात. किलोभर असतील तर दोन खेपा करा. ‘थोडे आहेत, बसवून टाकू’ इथेच घात होतो.

वाफ न जिरवणं. चाळणीतून उपसून लगेच तेलात घातले तर पाणी आतच राहतं. पाच मिनिटांनी फोडींचा तकाकता रंग जाऊन त्या पांढरट, खडूसारख्या दिसू लागतात. तोवर थांबायचं.

गार ट्रे. जमत असेल तर रिकामा ट्रे ओव्हनबरोबरच तापवा आणि फोडी टाकताना चर्रर आवाज यायला हवा. ट्रे काचेचा असेल तर हे करू नका, तापलेल्या काचेवर ओलं-गार पडलं तर ती तडकू शकते.

लवकर उलथणं. १० मिनिटांनी उलथनं घालाल तर पापुद्रा ट्रेलाच चिकटून राहील. बुडाशी कवच तयार झालं की फोड आपोआप सुटते. सुटत नसेल तर तिला अजून पाच मिनिटं हवीत, ओढाताण नको.

भाजून झाल्यावर झाकण ठेवणं हे पाचवं. पाहुणे यायला उशीर आहे म्हणून कॅसरोलमध्ये भरले की पाच मिनिटांत सगळी मेहनत पाण्यात. त्यापेक्षा काय करायचं ते प्रश्न १७मध्ये.

८. तेल कुठलं? ऑलिव्ह ऑइलच लागतं का?

नाही. हा पदार्थ इंग्लंडात रविवारच्या रोस्टबरोबर होतो तेव्हा ते गोमांसाची नाहीतर हंसाची चरबी वापरतात. इटलीत ऑलिव्ह तेल आणि रोझमेरी, ग्रीसमध्ये ऑलिव्ह तेल, ओरिगॅनो आणि भरपूर लिंबू. जिथे जे घरात असतं ते. आपल्या घरात शेंगदाणा तेल असतं आणि ते या कामाला पहिल्या प्रतीचं आहे. रिफाइंड असेल तर २२० अंशांपर्यंत धूर धरत नाही. घाण्याचं असेल तर स्वाद छान, पण ओव्हन २००वर ठेवा. ऑलिव्हमध्ये एक्स्ट्रा व्हर्जिन २००पर्यंत निभावतं, मात्र त्याचा महागडा सुगंध भाजताना बराचसा उडून जातो. शेवटी वरून एक चमचा सोडलात तर पैसे वसूल.

नुसतं लोणी नको, त्यातला दुधाचा अंश जळून काळे ठिपके पडतात. तूप चालतं, कारण तो अंश कढवतानाच निघून गेलेला असतो. मात्र नुसत्या तुपात हर्ब्जचा वास दबतो. तीन चमचे शेंगदाणा तेल आणि एक चमचा साजूक तूप हे माझं प्रमाण.

९. रोझमेरी दरवेळी काळी होते आणि कडू लागते.

कारण ती सुरुवातीलाच घातली जाते. इतकी बारीक पानं २१० अंशांवर पाऊण तास टिकत नाहीत. म्हणून तेलाला आधी वास लावायचा, पानं गाळून घ्यायची आणि शेवटी परत टाकायची (प्रश्न १). रोझमेरी, थाइम, सेज ही काटक मंडळी. तेलात परतली तरी त्यांचा वास टिकतो. पार्सली, कोथिंबीर, बेझिल, पुदिना ही नाजूक. ती कधीच ओव्हनमध्ये जात नाहीत, बटाटे ताटलीत काढल्यावर चिरून वर घालायची. रोझमेरीची पानं अख्खी ठेवली तर तोंडात काटक्यांसारखी टोचतात. चिरून घ्या.

१०. आमच्या गावात ताजी हर्ब्ज मिळत नाहीत. पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्या साठल्या आहेत, त्या वापरू?

वापरा, पण पुडीच्या मागचं वाचून. बऱ्याच पुड्यांवर ‘ओरिगॅनो सीझनिंग’ असं लिहिलेलं असतं आणि आत ओरिगॅनोबरोबर मीठ, लसूण पूड, मिरची असं बरंच काही असतं. म्हणजे बटाट्यात मीठ कमी घालायला हवं, आणि ती लसूण पूड ओव्हनमध्ये चटकन करपते. अशी पुडी भाजून झाल्यावरच भुरभुरा, एक किलोला दोन पुरतात.

बाटलीतली वाळलेली रोझमेरी किंवा थाइम असेल तर ताज्याच्या एक तृतीयांश घ्या, तळहातावर चुरडा आणि कोमट तेलात १० मिनिटं भिजवून ठेवा. बाटली उघडून हुंगा. वाळल्या गवताखेरीज कसलाच वास येत नसेल तर ती केराच्या टोपलीत.

११. आपल्याकडचा कुठला पाला चालेल?

खरं तर हा माझा आवडता प्रश्न. थाइमला जो वास असतो तो थायमॉलचा, आणि आपल्या ओव्यातही थायमॉलच असतो. त्यामुळे पाव चमचा ओवा तेलात तडतडवून घातला तर थाइमची उणीव फारशी जाणवत नाही. कुंडीत जाड, लवदार, भज्यांसाठी तोडतो तो पानओवा असेल तर आणखी छान. त्याचा स्वाद ओरिगॅनोच्या जवळ जातो. पानं रसरशीत असतात, पुसून चिरा आणि तेलात टाकताना जरा लांब उभे राहा, उडतात. चार-पाच पानं किलोभर बटाट्यांना पुरे, जास्त झाली तर औषधाचा वास येतो.

कढीपत्ता शेवटच्या तीन मिनिटांत ट्रेवर पसरा, पापडासारखा कुरकुरीत होतो. थंडीत ओली लसूण येते, तिची पात बारीक चिरून वरून घालण्यासारखं दुसरं सुख नाही. कसुरी मेथी चालते, अगदी शेवटी आणि चिमूटभरच. शेपू आवडणाऱ्यांनी शेपू, दह्याबरोबर. वृंदावनातली तुळस बेझिलऐवजी चालेल का, असंही विचारलं जातं. चव लवंगेच्या अंगाने जाते, बटाट्याशी जुळत नाही, आणि आमच्याकडे तरी ती तोडायची परवानगी मिळणार नाही.

१२. लसूण ठेचून, चिरून की अख्खी?

तेलाला वास लावायचा असेल तर ठेचून, आणि गाळून काढायची. ट्रेमध्ये ठेवायची असेल तर सालासकट अख्ख्या पाकळ्या फोडींच्या मधे खोचा. आत लसूण मऊ, गोडसर होते आणि जेवताना साल दाबून बाहेर काढता येते. चिरलेली लसूण थेट ट्रेवर कधीही नको. १० मिनिटांत काळी, कडू.

१३. ओटीजीत वरची कांडी लावायची की खालची? आणि २१० लावलं तरी होत का नाही?

दोन्ही लावा आणि ट्रे मधल्या किंवा त्याखालच्या खाचेत ठेवा. वरच्या खाचेत ठेवला तर फोडींचे शेंडे आधी लाल होतात आणि बूड पांढरं राहतं.

होत नसेल तर दोष बहुधा बटणावरच्या आकड्याचा. लहान ओटीजीत बटणावर २१० असताना आत १८५ असू शकतं. ओव्हनमध्ये टांगायचा थर्मामीटर मिळतो, तो एकदा घ्या, केकलाही उपयोगी पडेल. नसेल तर निदान १५ मिनिटं आधी तापवा आणि दार वारंवार उघडू नका. डोकावायला काच आहे. विजेची काळजी असेल तर १५०० वॅटचा ओटीजी तासभर पूर्ण ताकदीने चालला तरी दीड युनिट होतं, आणि थर्मोस्टॅट मधेमधे बंद करत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमी.

१४. माझ्याकडे मायक्रोवेव्ह आहे. एअर फ्रायर पण घेतलाय. वेळ काय लावू?

साध्या मायक्रोवेव्हमध्ये रंग येणारच नाही, तो फक्त उकडण्याचं काम करेल. कन्व्हेक्शन असेल तर तो मोड २००वर आधी तापवून प्रश्न १प्रमाणे करा, पाच-सात मिनिटं जास्त धरा.

एअर फ्रायर या पदार्थाला छान, पण थोड्या प्रमाणात. उकडून हिसडलेले अर्धा किलो बटाटे, दीड चमचा तेल, २०० अंश, १८ ते २२ मिनिटं, मधे दोनदा टोपली हलवायची. एक लक्षात ठेवा, आतल्या पंख्याने वाळलेली हर्ब्ज उडतात, वरच्या तापलेल्या कॉइलला चिकटतात आणि घरभर जळका वास सुटतो. म्हणून इथे हर्ब्ज नेहमी बाहेर काढल्यावरच.

१५. ओव्हनच नाही. गॅसवर होईल?

होईल. बिडाचा तवा किंवा जाड बुडाची कढई. उकडून हिसडलेल्या फोडी, तीन चमचे तेल, मध्यम आच, एकच थर. झाकण नाही. प्रत्येक बाजूला चार मिनिटं न हलवता, असं १५ मिनिटांत खरपूस होतात. निर्लेपच्या तव्यावरही होतात, मात्र आच मध्यमच्या वर नेऊ नका.

कुकरची शिट्टी आणि रिंग काढून, तळाला मीठ घालून केक करतात, तसं करून पाहू का, हेही विचारलं जातं. नको. कुकरमध्ये बटाट्यांची वाफ बाहेर पडायला जागा थोडी, म्हणजे पुन्हा प्रश्न ७.

१६. मी लंडनला असते, बहीण न्यू जर्सीत. तिकडच्या मापात सांगाल?

इंग्लंडात मॅरिस पायपर किंवा किंग एडवर्ड घ्या, दोन्ही पिठूळ. फॅन ओव्हन असेल तर २१०ऐवजी १९०, गॅसचा ओव्हन असेल तर गॅस मार्क ७. अमेरिकेत रसेटचा पापुद्रा सर्वांत कडक, युकॉन गोल्डचा आतला गर जास्त चविष्ट. तापमान ४२५ फॅरनहाइट. लाल सालीचे बटाटे तिकडे बहुधा चिकट निघतात, ते घेतले तर प्रश्न ३ची पद्धत. बाकी कृती तीच.

१७. वीस माणसं जेवायला आहेत. आदल्या दिवशी किती करून ठेवता येईल?

उकडणं, वाफ जिरवणं आणि हिसडणं, इथवर सगळं. तेल लावून ताटात पसरा आणि झाकण न घालता फ्रीजमध्ये ठेवा. उघडे ठेवल्याने वरचा थर आणखी सुकतो आणि दुसऱ्या दिवशी जास्तच कुरकुरीत होतात. चिरलेले कच्चे बटाटे मात्र उघडे ठेवू नका, काळे पडतात.

वीस माणसांना पाच किलो लागतील आणि घरचा एक ओटीजी त्याला पुरणार नाही. सात ते दहा खेपांत पाऊण रंगापर्यंत भाजून मोठ्या परातीत उघडे ठेवा. वाढायच्या आधी एकेक ट्रे २२०वर ८-१० मिनिटं. हर्ब्ज आणि मीठ तेव्हाच.

१८. उरले तर? मुलीच्या डब्यात देता येतील?

डब्यात कुरकुरीत राहणार नाहीत. पूर्ण गार करून भरले तर निदान ओलसर होत नाहीत, चव चांगली लागते. उरलेले फ्रीजमध्ये तीन दिवस. गरम करायला मायक्रोवेव्ह नको, तवा किंवा ओव्हन. किंवा कुस्करून थालीपिठाच्या भाजणीत घाला. लसूण-रोझमेरीचं थालीपीठ ऐकायला विचित्र वाटतं, पण लोण्याबरोबर फार छान लागतं.

१९. हे वासाचं तेल जास्त करून बाटलीत भरून ठेवू का? सुंदर दिसेल.

लसूण असेल तर ओट्यावर ठेवू नका. तेलाखाली हवा पोचत नाही आणि लसणीबरोबर आलेल्या मातीतल्या जिवाणूंना नेमकं तेच लागतं. त्यातून बोट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते. हे विष वासाने किंवा रंगाने कळत नाही. लागेल तेवढंच करा. उरलंच तर फ्रीजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवा. थंडी आहे म्हणून बाहेर चालेल, असं समजू नका, आपली थंडी तेवढी नसते.

२०. बटाट्याला कोंब आलेत, एका बाजूने हिरवा आहे. वापरू?

बारीक कोंब असतील आणि बटाटा टणक असेल तर कोंब डोळ्यासकट कोरून काढा. हिरवा भाग जाड कापून टाका. बराच हिरवा असेल किंवा चव कडवट लागली तर पूर्ण फेका. हिरवा रंग स्वतः निरुपद्रवी असतो, पण त्याबरोबर सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढलेलं असू शकतं आणि ते उकडून किंवा भाजून जात नाही. कांद्याच्या टोपलीत बटाटे ठेवू नका, अंधाऱ्या, हवेशीर जागी वेगळे ठेवा.

२१. बटाटे दहा मिनिटांतच गडद तपकिरी झाले, आतून कच्चे आणि चव गोडसर. असं का?

हे बहुधा शीतगृहातले किंवा तुमच्याच फ्रीजमधले. फार थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते आणि ती ओव्हनमध्ये पटकन जळते. घरात साध्या तापमानाला आठ-पंधरा दिवस ठेवले तर बरीच साखर पुन्हा कमी होते. घाईत असाल तर फोडी अर्धा तास पाण्यात भिजवून ते पाणी फेका, आणि ओव्हन १९०वर ठेवा.

गडद रंगाचा आणखी एक तोटा. पिठूळ पदार्थ १२० अंशांच्या वर भाजला की त्यात अॅक्रिलामाइड हे अपायकारक द्रव्य तयार होतं आणि रंग जितका काळपट तितकं ते जास्त. सोनेरी झाले की काढा. करपलेल्या कडा ‘हाच तर खरा स्वाद’ म्हणून खाऊ नका.

२२. उपवासाला चालतील का?

बटाटा, मीठ, मिरची, जिरं, तूप, शेंगदाणे हे बहुतेक घरांत चालतं. तेव्हा तेलाऐवजी तूप, लसणीऐवजी जिरं आणि ठेचलेली हिरवी मिरची, शेवटी दाण्याचं कूट. सोडा वगळा (पर्याय प्रश्न ६मध्ये). कोथिंबीर काही घरांत चालते, काही घरांत नाही. रोझमेरीबद्दल कोणत्याच आजीने काही सांगून ठेवलेलं नाही, त्यामुळे घरातल्या ज्येष्ठांना विचारा आणि ते म्हणतील तसं.

२३. शेजारी जैन आहेत. त्यांच्यासाठी असंच काही?

कच्ची केळी. सालासकट कुकरमध्ये एक शिट्टी काढा, गार झाल्यावर सोला, जाड फोडी करा. हिसडायची गरज नाही, मोडतात. तेल, मीठ, मिरी, वाळलेला ओरिगॅनो, २०० अंशांवर २० मिनिटं. लसूण नको, हे सांगायला नकोच. रताळी सुचवू नका, तीही जमिनीखालचीच.

२४. मधुमेह आहे. अजिबातच नको का?

ते तुमचे डॉक्टर ठरवतील. स्वयंपाकघरातून एवढंच सांगता येईल की शिजवून पूर्ण गार केलेल्या बटाट्यातला थोडा स्टार्च पचायला जड होतो आणि पुन्हा गरम केला तरी तो सगळा पूर्ववत होत नाही. पण त्याने बटाटा ‘शुगर-फ्री’ होत नाही. ताटात चार फोडी, बाकी कोशिंबीर.

२५. कशाबरोबर वाढायचे? भाजी म्हणून पोळीबरोबर चालतील?

पोळीबरोबर कोरडे लागतात. टोमॅटोचं सार, मक्याचं सूप, रोस्ट चिकन किंवा भाजलेला मासा यांच्या शेजारी शोभतात. ख्रिसमसच्या जेवणात तर हवेतच. शाकाहारी ताटात साधं वरण-भात, लिंबू आणि हे बटाटे एवढं पुरतं. बुडवायला घट्ट दह्यात ओल्या लसणीची पात आणि मीठ.

२६. शेतावर हुरड्याला जातोय. शेकोटीत करता येतील?

ट्रेवाली कृती तिथे नको. मध्यम आकाराचे बटाटे सालासकट, टोचे मारून, ज्वाळा विझल्यानंतरच्या निखाऱ्यांच्या कडेला राखेत पुरा. पाऊण तासात होतात, काडी आरपार गेली पाहिजे. हर्ब्ज विस्तवात टाकू नका, नुसती जळतात. घरून निघताना डबीत लोणी, चिरलेली रोझमेरी किंवा ओल्या लसणीची पात आणि मीठ कालवून घ्या. बटाटा फोडून त्यावर चमचाभर घाला. राख झटकायला एक जाडसर फडकं आणि भाजलेला बटाटा धरायला चिमटा सोबत असू द्या.